पद्मिनीचा ताप

थर्मोस्टॅटच्या घराचं झाकण एकदाचं सुटलं, तेव्हा आत थर्मोस्टॅट नव्हताच. गंजलेल्या बोल्टांवर दोन दिवस तेल सोडलं होतं, हलक्या हाताने ठोकून ते सैल केले होते. आणि एवढ्या मिनतवारीनंतर आत दिसला तो विटकरी चिखलाचा थर आणि मधोमध रिकामं भोक. गाडी १९८३ची प्रीमियर पद्मिनी. काकांनी ती वीस वर्षं चालवली, नंतर बरीच वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. त्या वीस वर्षांतल्या कुठल्यातरी उन्हाळ्यात, बहुधा घाटात, ती तापली असणार आणि ‘व्हॉल काढून टाका, आपल्या हवेत त्याचं काही काम नाही’ असं सांगून कुणीतरी थर्मोस्टॅट फेकून दिला असणार.

हा सल्ला आजही दिला जातो, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. जुनी गाडी पुन्हा उभी करताना माणसं रंगावर, सीटांवर, क्रोमच्या पट्ट्यांवर जीव ओततात. पण ती गाडी भर उन्हात निर्धास्त बाहेर काढता येईल की नाही, हे ठरतं रेडिएटर आणि थर्मोस्टॅट या जोडीवर. एकाचं काम उष्णता बाहेर टाकणं, दुसऱ्याचं काम ती केव्हा आणि किती टाकायची ते ठरवणं. घाटात गाडी तापते ती बहुतेक वेळा रेडिएटर आतून चोंदला म्हणून. बाहेर फेकला जातो तो थर्मोस्टॅट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पद्मिनी आपल्याच मातीतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि १९७०च्या दशकात तिला चित्तोडच्या राणीचं नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्यांमधून ती गेली, कारण टॅक्सीच्या वयाची २० वर्षांची मर्यादा शेवटच्या गाडीनेही ओलांडली. पण घरोघरी जपलेल्या पद्मिनी अजून आहेत, आणि त्यातल्या अनेकींच्या थर्मोस्टॅटचं घर रिकामं आहे.

द्रुतगती मार्ग होण्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे जुना बोरघाट चढायचा. मे महिन्यात खोपोली सोडली, की शिंग्रोबाच्या देवळाच्या आगेमागे कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायच्या. कुणी ओल्या फडक्याने झाकण धरतोय, कुणी हातात पाण्याचा डबा घेऊन वाफ थांबायची वाट पाहतोय. त्या गाड्या घाटातच का तापत, याचा हिशेब सोपा आहे. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिच्यातली साधारण पंचवीस ते तीस टक्के चाकांच्या कामी येते. उरलेल्यातली बरीच धुरांड्यातून जाते आणि जवळजवळ तेवढीच सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात उतरते. ४० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३० किलोवॅट. पूर्ण जोर लावलेल्या पद्मिनीच्या पाण्यात ढोबळमानाने तेवढीच उष्णता शिरत असते. घरातला गिझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे बॉनेटखाली पंधरा गिझर एकदम चालू! सपाट रस्त्यावर वेगामुळे वारा भरपूर लागतो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, जोर पूर्ण, वारा जवळजवळ नाही. जो काही वारा, तो पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याचा. थोडाफार चोंदलेला रेडिएटर पनवेलपर्यंत गुण दाखवत नाही. त्याचं खरं रूप घाटात कळतं.

रेडिएटर समजून घ्यायला मला आजोळचा तांब्याचा बंब आठवतो. मधे विस्तवाची नळी, भोवती पाणी. आतली उष्णता धातूतून पाण्यात जाते. रेडिएटर म्हणजे उलटा फिरवलेला बंब: आत गरम पाणी, बाहेर वारा. पण अडचण अशी, की वारा उष्णता उचलण्यात पाण्याच्या मानाने फार दुबळा. त्यामुळे त्याला धातूचा जितका जास्त पृष्ठभाग द्यावा तितका कमीच. पाणी अनेक चपट्या नळ्यांत वाटून द्यायचं आणि नळ्यांच्या मधे तांब्याच्या कागदासारख्या पातळ पट्ट्यांची जाळी भरायची, ही सगळी रचना त्यासाठीच आहे.

हे गणित पहिल्यांदा नीट सोडवलं विल्हेल्म मायबाख याने. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८०७० चौकोनी नळ्या होत्या. त्याआधी जिथे १८ लिटर पाणी वागवावं लागे, तिथे ९ लिटर पुरू लागलं. मोटारीला जे ‘नाक’ आलं ते तिथून. पुढे फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपही नव्हता; बंबासारखंच तापलेलं पाणी आपोआप वर चढायचं आणि रेडिएटरमध्ये निवून खाली उतरायचं.

बंबाचा एक दुर्गुणही रेडिएटरने घेतला आहे, तो म्हणजे खार. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं विहिरीचं, बोअरचं पाणी जड असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. तापलं की ते धातूला चिकटून बसतं. या खाराची उष्णता वाहून नेण्याची शक्ती तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी. नळीला आतून खाराचा पातळ लेप चढला, तरी तिने अंगात स्वेटर घातल्यासारखं होतं. त्यात बिडाच्या इंजिनचा गंज सुटून येतो आणि तळाशी बसतो. आणि वरून आपली हळद! रेडिएटर गळायला लागला की हळदीची पुडी टाकण्याची युक्ती ट्रकवाल्यांपासून सगळ्यांना माहीत आहे. ती लागू पडते हे खरं आहे. भुकटी गळतीच्या भोकात जाऊन अडकते आणि भोक बुजतं. पण भोक कुठलं आणि नळी कुठली, हे हळदीला कळत नाही. वाटेत अडकलेल्या माणसाने ती जरूर वापरावी आणि घरी पोहोचल्यावर लगेच रेडिएटर उतरवावा.

रेडिएटर बिघडलाय का, हे उतरवण्याआधीही कळू शकतं. इंजिन चांगलं तापवून बंद करा, पंखा पूर्ण थांबू द्या आणि जाळीच्या जवळून हात फिरवा. उष्णता वरून खाली हळूहळू कमी होत गेली तर ठीक. मधेच एखादा पट्टा थंड लागला, तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही. उतरवल्यावर खालचं तोंड तळव्याने बंद करून पाणी काठोकाठ भरायचं आणि हात काढायचा. पाणी धबकन ओतलं गेलं पाहिजे. आमच्या रेडिएटरमधून ते म्हातारीच्या चालीने येत होतं.

मग रेडिएटरवाल्या चाचांचं दुकान. पुण्याच्या जुन्या भागातली ही दुकानं ओळखायला पाटीची गरज नाही: समोर पाण्याचा हौद, भिंतीला टेकवलेले काळे सांगाडे, आणि हवेत नवसागराचा वास. हा वास मला लहानपणी दारावर येणाऱ्या कल्हईवाल्यापासून ओळखीचा आहे, आणि तो योगायोग नव्हे. कथील पितळेला धरायचं असेल, तर पितळेवरचा काळा ऑक्साइडचा थर आधी जायला हवा. तापलेला नवसागर तो खाऊन टाकतो. पातेल्यातली कल्हई असो की रेडिएटरचा सांधा, रसायन तेच आहे. फरक एवढाच, की रेडिएटरच्या झाळकामात कथलाबरोबर शिसं असतं. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असेल तर ते मिश्रण १८३ अंशांना वितळतं, म्हणजे दोन्ही धातूंच्या आपापल्या वितळबिंदूंच्या बरंच खाली. म्हणूनच साध्या ब्लोलँपने नळ्यांच्या वर-खाली असलेल्या पितळी टाक्या सोडवता येतात आणि पुन्हा बसवता येतात. जुन्या रेडिएटरचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. तो करणाऱ्याने असा केला आहे, की पुढच्याला तो उघडता यावा. मात्र शिसं विषारी आहे. त्याची धूळ पोटात जाऊ नये म्हणून हे काम घरात, लेकरांच्या आसपास कधीही करू नये.

चाचांनी दोन्ही टाक्या सोडवल्या. नळ्यांची तोंडं उघडी पडली तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश पूर्ण बुजलेल्या दिसत होत्या. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे प्रत्येक नळीतून पातळ चपटी पट्टी सरकवून खार खरवडणं. नळ्या धड असतील तर एवढ्याने भागतं. खार नुकताच धरू लागला असेल तर रेडिएटर न उघडता सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानेही तो सुटतो. चिंचेने तांब्याची भांडी उजळतात त्याचंच ते मोठं रूप. आमच्या नळ्या मात्र पट्टी घालताच दोन ठिकाणी फुटल्या, पितळ इतकं झिजलं होतं. जाळीच्या तांब्याच्या पट्ट्याही बोट लावलं की चुरा होत होत्या. म्हणजे टाक्यांमधला नळ्या-जाळीचा गाभा, म्हणजेच कोअर, नवा हवा.

इथे प्रश्न उभा राहतो तो ॲल्युमिनियमचा. दुकानदार सांगतात, ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त आणि ‘जास्त थंड’. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. ॲल्युमिनियमची घनता २.७, तांब्याची जवळपास ९. गाडीच्या कंपन्यांनी तांबं सोडलं ते वजन आणि किमतीपायी. उष्णता वाहून नेण्यात मात्र तांबं ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून पुढे आहे. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरचं बळ त्याच्या रुंद नळ्यांत आणि भट्टीत एकजीव केलेल्या सांध्यांत असतं, धातूत नव्हे. रोज दोनशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीला तो उत्तम. पण जुन्या गाडीत बिडाचं इंजिन, पितळी तोट्या आणि मालकाला नळाचं पाणी ओतायची सवय असेल, तर विद्युत-रासायनिक गंज आधी ॲल्युमिनियमलाच धरतो. बारीक छिद्रं पडू लागतात, आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानात झाळून मिळत नाहीत. शिवाय जुन्या टाकीवर कारखान्याचा शिक्का असतो, झाकणाची मान त्याच मापाची असते, कंस त्याच जागी बसतात. माझं मत स्पष्ट आहे: टाक्या जुन्या ठेवाव्यात आणि त्यांच्यामधे तांबं-पितळेचा नवा कोअर बसवून घ्यावा. नळ्यांच्या ओळी आणि जाळीची दाटी मूळ कोअरइतकी आहे ना, हे मात्र मोजून घ्यावं. स्वस्तात करून देणारे नेमकी जाळी विरळ करतात.

तयार झाल्यावर चाचांनी तिन्ही तोंडं बंद केली, थोडी हवा भरली आणि रेडिएटर हौदात बुडवला. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात अगदी तसं. एका कोपऱ्यातून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे वर आले. पुन्हा ब्लोलँप, पुन्हा हौद. दुसऱ्या वेळी पाणी शांत राहिलं. रंग काळा आणि अगदी पातळ द्यायला सांगितला. जाड रंग म्हणजे पुन्हा अंगात स्वेटर.

आता थर्मोस्टॅट. इंजिनच्या सगळ्या भागांत मला सगळ्यात देखणा वाटतो तो हा, आणि तो चालतो मेणावर. एका पितळी कुपीत मेण भरलेलं असतं आणि उष्णता त्याच्यात लवकर पसरावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळलेली असते. मधे रबराच्या म्यानात एक दांडी. पाणी तापलं की मेण वितळतं आणि घन मेणापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त जागा मागतं. बंद कुपीत जागा कुठून मिळणार? मग ते दांडीला बाहेर ढकलतं. दांडीचं टोक चौकटीत अडकलेलं असल्याने कुपीच मागे सरकते आणि तिच्याबरोबर झडप उघडते. पाणी निवलं की मेण आक्रसतं, स्प्रिंग झडप मिटवते. वीज नाही, तार नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्ने याने ही युक्ती विकसित केली. त्याआधीच्या थर्मोस्टॅटमध्ये पेटीच्या भात्यासारखा पितळी भाता आणि त्यात लवकर उकळणारा द्रव असे. पण रेडिएटरला दाबाचं झाकण आलं तसा पाण्याचा दाब त्या भात्याला चेपू लागला, आणि तो उघडायच्या वेळा चुकू लागला. मेणाला असल्या दाबाचं सोयरसुतक नाही.

मी आणलेल्या थर्मोस्टॅटवर ८२ आकडा कोरलेला होता: ८२ अंशांना तो उघडू लागतो आणि आणखी दहा-बारा अंशांवर पूर्ण उघडतो. नवा असला तरी तपासून घ्यावा. मिटलेल्या झडपेत शिवणाच्या दोऱ्याचं टोक अडकवायचं आणि त्याच दोऱ्याने तो पातेल्यातल्या पाण्यात, तळाला टेकणार नाही असा लोंबता ठेवायचा. सोबत तापमापक. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टणकन तळाशी पडतो. आमचा ८३ला पडला.

आता ‘आपल्या हवेत काय काम’ या प्रश्नाकडे येतो. बाहेर ४० अंश असले, तरी ४० म्हणजे ८२ नव्हेत. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर. इंजिन गरम असेल तर ती वाफ निघून जाते. थंड असेल तर काही वाफ सिलिंडरच्या भिंतींवर दव धरते, इंधनातल्या गंधकाशी मिळून आम्ल होते, आणि खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट थर दिसतो, तो हाच. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिलं, की थंड चालणाऱ्या इंजिनच्या सिलिंडरची झीज घासण्यापेक्षा अशा गंजण्याने अधिक होते. थर्मोस्टॅट काढलेल्या गाडीला रोज सकाळी हे दुखणं जास्त वेळ सोसावं लागतं. चोक लांबतो, पेट्रोल जास्त लागतं आणि काही वर्षांनी सिलिंडर बोअर करायची वेळ येते. पण तेव्हा त्या जुन्या सल्ल्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

याच्या उलट बाजूने एक गैरसमज ऐकू येतो: थर्मोस्टॅट नसला की पाणी फार वेगाने पळतं, त्याला रेडिएटरमध्ये निवायला वेळ मिळत नाही, म्हणून गाडी तापते. हेही बरोबर नाही. पाणी वेगाने गेलं तर एका फेरीत कमी निवतं, पण फेऱ्या वाढतात, आणि एकूण उष्णता उलट जास्तच जाते. तरीही काही गाड्या थर्मोस्टॅट काढल्यावर खरोखर तापतात, त्याची कारणं वेगळी आहेत. इंजिन थंड असताना पाणी आतल्या आत फिरावं म्हणून एक आडवाट ठेवलेली असते, आणि अनेक थर्मोस्टॅट उघडताना ती वाट बंद करतात. थर्मोस्टॅटच नसेल तर ती कायम उघडी राहते आणि थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. शिवाय थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे इंजिनातल्या पाण्यावर पंपाचा थोडा दाब राहतो. तो गेला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीच्या सगळ्यात तप्त जागी वाफेचे बुडबुडे धरू लागतात.

ज्याने तो पहिल्यांदा फेकला, त्याची बाजूही सांगायला हवी. मेणाची कुपी झिरपली की थर्मोस्टॅट बहुधा मिटलेलाच अडकतो. घाटात, पोराबाळांसकट, सुटा भाग मिळायची शक्यता नसताना तो काढणं हाच त्या क्षणी शहाणपणा होता. चूक झाली ती पुण्याला पोहोचल्यावर नवा न बसवण्यात.

झाकणाबद्दल थोडं. ते नुसतं झाकण नसून स्प्रिंगची झडप आहे. ७ पौंड दाबाचं झाकण असेल, तर समुद्रसपाटीला पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळतं. उंचीवर याचं मोल वाढतं. लोणावळ्याला उघडं पाणी सुमारे ९८ला उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ला. पण म्हणून आधुनिक गाडीचं १५ पौंडांचं झाकण जुन्या रेडिएटरवर लावू नये, झाळलेले सांधे उसवतात. आणि गरम असताना झाकण फिरवू नये, हे कितीदाही सांगितलं तरी कमीच. दाब सुटताच आतलं पाणी त्या क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.

पाण्यात निम्मं कूलंट हवं. हिमाचा आपल्याकडे प्रश्न नाही, आणि खरं तर नुसतं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. कूलंट हवं ते त्यातल्या गंजरोधकांसाठी. सोबतचं पाणी डिस्टिल्ड वॉटर असावं. दीर्घायुषी म्हणून विकली जाणारी काही नवी कूलंट शिशाच्या झाळकामाला मानवत नाहीत. डब्यावर तांबं, पितळ आणि सोल्डरला चालतं असं लिहिलंय का ते वाचावं. इथिलीन ग्लायकॉलची चव गोड असते आणि ते जीवघेणं विष आहे. सांडलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांच्या वाटेत राहू देऊ नये.

बसवताना मेणाची कुपी इंजिनच्या बाजूला, आणि कडेला जी छोटी सैल पिन असते ती सगळ्यात वर. तिच्या भोकातून अडकलेली हवा निघते. नवं पॅकिंग, नवे होज पाइप. मग झाकण उघडं ठेवून हळूहळू भरलं आणि इंजिन सुरू केलं.

पहिली काही मिनिटं वरचा होज पाइप थंडगार होता. पाणी स्थिर, काठाला टेकलेलं. इंजिनचा आवाज हळूहळू मऊ होत गेला, चोक आत ढकलला. हात पाइपवरच होता. आणि मग, अगदी अचानक, तो इतका तापला की हात काढावा लागला. झडप उघडली होती. रेडिएटरच्या तोंडाशी दोन मोठे बुडबुडे फुटले, पाण्याची पातळी तांब्याभर खाली गेली. तेवढं पाणी घातलं आणि झाकण लावलं.